वाचक विचारतात: पक्षी पाहायला छोटी दुर्बीण कोणती?

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह साजरा होतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी त्याची सुरुवात होते आणि सलीम अलींच्या जन्मदिवशी शेवट. याच दिवसांत हिवाळी पाहुणे पक्षी येऊ लागतात आणि आमच्याकडे दुर्बिणींबद्दलची पत्रंही. या खेपेच्या बहुतेक पत्रांत विचारणा एकच होती: हलकी, आटोपशीर, कमी पटीची दुर्बीण घेतली तर चालेल का? चालेल, आणि बऱ्याच जणांना तीच जास्त उपयोगी पडेल. मात्र ‘छोटी’ म्हणून बाजारात जे मिळतं त्यातलं निम्मं पक्ष्यांसाठी बिनकामाचं असतं, म्हणून उत्तरं थोडी सविस्तर दिली आहेत.

भाच्यानं हौसेनं १०×५० दुर्बीण भेट दिली. पण मनगट भरून येतं, चित्र सारखं हलतं आणि चष्मा काढल्याशिवाय पूर्ण दिसत नाही. वय ६६. पाहायचं ते घराभोवतीच्या झाडांवर आणि नदीकाठी. ८×२५ घेऊ की ६×३०?
— निवृत्त शिक्षिका, सांगली

६×३० घ्या. ती मिळाली नाही तर ८×३० किंवा ८×३२. ८×२५ तुमच्यासाठी नको.

दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांपैकी पहिला म्हणजे पट आणि दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की मागच्या भिंगातून डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६×३० मध्ये ती ५ मि.मी. येते, ८×३२ मध्ये ४, ८×२५ मध्ये ३.१ आणि १०×२५ मध्ये फक्त २.५. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली दोन-तीन मि.मी. एवढीच उघडी असते, त्यामुळे तेव्हा या सगळ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. फरक कळतो तो सकाळी साडेसहाला आंब्याच्या दाट सावलीत. बाहुली मोठी झालेली असते आणि बारीक झोताची दुर्बीण अंधारी वाटू लागते.

तुमच्या दृष्टीनं जाड झोताचा दुसरा फायदा मोठा आहे. हात हलला, डोळा किंचित सरकला तरी चित्र तुटत नाही. ८×२५ मध्ये डोळा नेमक्या जागी नसला की कडेनं काळ्या सावल्या येतात, आणि दुर्बीण पुन्हा पुन्हा डोळ्यावर बसवावी लागते. पक्षी तोवर थांबत नाही.

आता थरथर. दुर्बीण पक्ष्याला जितकी पट मोठा करते तितकीच पट हाताच्या कंपालाही मोठं करते. हिरव्या पर्ण वटवट्याच्या पंखावर एक फिकट, बारीक पट्टा असतो. सहा पटीच्या स्थिर चित्रात तो दिसतो, दहा पटीच्या हलत्या चित्रात पुसून जातो. म्हणूनच पट कमी घेतली की तपशील कमी दिसतो, हे हातात धरून पाहायच्या दुर्बिणीला लागू पडतंच असं नाही.

शिवाय चित्राचा पसारा. ६×३० मध्ये साधारण ८ अंशांचं दृश्यक्षेत्र मिळतं, म्हणजे २० मीटरवरच्या झाडाचा २.८ मीटर रुंदीचा भाग एका वेळी दिसतो. स्वस्त १०×२५ मध्ये ५.५ अंश मिळाले तर तेवढ्याच अंतरावर १.९ मीटर. क्षेत्रफळ पाहिलं तर हे निम्म्याहूनही कमी झालं. पानांत उड्या मारणारा चष्मेवाला शोधताना हा फरक फार जाणवतो. कमी पटीत फोकसही सारखा हलवावा लागत नाही. एकदा लावला की पुढच्या आणि मागच्या फांद्याही बऱ्यापैकी स्पष्ट राहतात.

चष्म्याच्या अडचणीवर उपाय एकच, माहितीपत्रकात ‘आय रिलीफ’ पाहायचा. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवला तरी पूर्ण वर्तुळ दिसतं, ते अंतर म्हणजे आय रिलीफ. चष्मा असेल तर किमान १५ मि.मी. हवा, १७-१८ असेल तर निवांत. इथे फसगत कशी होते ते पाहा. निकॉनच्या अ‍ॅक्युलॉन ए२११ मालिकेतल्या ७×३५ चं दृश्यक्षेत्र ९.३ अंश, म्हणजे फारच ऐसपैस. पण आय रिलीफ १२ मि.मी.सुद्धा नाही. चष्मा नसणाऱ्याला ती खिडकी उघडल्यासारखी वाटेल, तुम्हाला मात्र मधलाच तुकडा दिसेल. कोवाच्या वायएफ मालिकेतली ६×३० अर्ध्या किलोच्या आतबाहेर आहे, दृश्यक्षेत्र ८ अंश आणि आय रिलीफ २० मि.मी. तुमच्या गरजेला ती चपखल बसते. दुकानात नसेल तर मागवून घ्यावी लागेल. खर्च जास्त करायची तयारी असेल तर निकॉनची मोनार्क एम७ ८×३० पाहा. तिचं दृश्यक्षेत्र ८.३ अंश आहे आणि वजनही अर्ध्या किलोच्या आत. आय रिलीफ जेमतेम १५ आहे, म्हणून स्वतःचा चष्मा लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

चष्म्यानं पाहताना मागच्या भिंगावरचे रबरी आयकप पूर्ण आत ढकलायचे असतात, हेही बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणि १०×५० विकू नका. खिडकीच्या कट्ट्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवा. चंद्रावरची विवरं आणि कृत्तिकांचा पुंजका तिच्यातून सुरेख दिसतो.

८ पटीपेक्षा १० पटीत पक्षी मोठा दिसणारच. मग भिगवणसारख्या ठिकाणी कमी पट घेण्यात तोटा नाही का?
— बँक कर्मचारी, बारामती

गणित करून पाहा. ८० मीटरवरचा पक्षी ८ पटीच्या दुर्बिणीतून १० मीटरवर असल्यासारखा दिसतो आणि १० पटीतून ८ मीटरवर. फरक फक्त दोन मीटरचा. ६ पटीत तोच १३ मीटरवर येतो. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावेतून पाहताना रोहित, चित्रबलाक, पट्टकादंब हे सगळे आठ पटीत मजेत ओळखता येतात. नाव हलत असते, त्यामुळे तिथे जास्त पट उलट त्रासाची होते.

जास्त पट खरंच लागते ती दूरच्या चिखलात पळणाऱ्या लहान पाणपक्ष्यांना. तुतवार कोणता आणि टिलवा कोणता हे दीडशे मीटरवरून सांगायचं असेल तर दहा पटीनंही भागत नाही. तिथे २० पटीपासून पुढचा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्यानं पाहायची जास्त पटीची दुर्बीण, आणि ट्रायपॉड हवा. म्हणून उघड्या पाणथळीवर जाणाऱ्यांनी हातात आठ पटीची दुर्बीण ठेवावी आणि गटात मिळून एक स्कोप घ्यावा. नांदूर मध्यमेश्वरच्या मनोऱ्यावरून किंवा जायकवाडीच्या काठावरून पाहायलाही हीच जोडी बरी पडते.

ऑनलाइन ‘३०×६०’ लिहिलेली खिशात मावणारी दुर्बीण ९९९ रुपयांना दिसते. काही ‘१०–१०० झूम’सुद्धा आहेत. माझ्याकडे सहा-सात हजार जमले आहेत. स्वस्तातली घेऊन उरलेल्या पैशांत कॅमेरा घेऊ का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, परभणी

नको. त्या ‘३०×६०’ मध्ये ना तीस पट असते ना साठ मि.मी. खात्री एका पट्टीनं करता येते. पुढच्या भिंगाचा व्यास मोजा. मग दुर्बीण आकाशाकडे रोखून मागच्या भिंगाजवळ बटर पेपर धरा आणि प्रकाशाचं वर्तुळ जिथे सर्वांत रेखीव दिसेल तिथे त्याचा व्यास मोजा. पहिल्याला दुसऱ्यानं भागा. भिंग ३० मि.मी.चं आणि वर्तुळ ४ मि.मी.चं निघालं तर पट साडेसात. यापेक्षा जास्त ती असूच शकत नाही. आतल्या कड्यांनी प्रकाश अडवला असेल तर आणखी कमीच. आणि समजा खरोखर तीस पट असती, तर हातात धरून काहीच दिसलं नसतं.

झूमची अडचण वेगळी. हलत्या भिंगांमुळे दोन्ही नळ्या तंतोतंत एकाच दिशेनं राहणं कठीण होतं आणि दृश्यक्षेत्र सगळ्यात कमी पटीवरसुद्धा अरुंद असतं. पक्ष्यांसाठी झूम दुर्बीण कोणत्याही किमतीला घेऊ नये.

तांबड्या-नारिंगी चकाकणाऱ्या ‘रूबी’ भिंगांपासूनही सांभाळून. भिंग तांबडं चमकतं म्हणजे तांबडा प्रकाश डोळ्यापर्यंत न येता परत फेकला जातोय. असल्या दुर्बिणीतून निखाराचा शेंदरी रंग मळकट दिसतो, आणि रंगावरून पक्षी ओळखायला शिकणाऱ्याचं तर मोठंच नुकसान. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर कोटिंगशिवाय, म्हणजे हे परावर्तन रोखणाऱ्या पातळ थराशिवाय, एक तृतीयांश प्रकाश वाटेतच गळतो. म्हणून ‘फुली मल्टिकोटेड’ असं लिहिलेलं पाहा. नुसतं ‘कोटेड’ म्हणजे एखाद्या पृष्ठभागावर एक थर एवढाच अर्थ निघू शकतो.

तुमच्या पैशांत पोरो प्रिझमची घ्या. प्रिझम म्हणजे नळीतला, चित्र सुलटं करणारा काचेचा ठोकळा. जिच्यात पुढची भिंगं मागच्या भिंगांच्या रेषेत नसून बाहेर सरकलेली असतात, ती पोरो. सरळ नळ्यांची ती रूफ. रूफ सडपातळ दिसते, पण तिच्या प्रिझमवर चांदीचा किंवा तसा दुसरा परावर्तक थर आणि शिवाय फेज कोटिंग, म्हणजे चित्राचा रेखीवपणा टिकवणारा खास थर, लागतं. ते नसेल तर चित्र धूसर येतं. स्वस्त रूफमध्ये याच गोष्टींना कात्री लागते. पोरोला त्यांची गरजच नसते, त्यामुळे त्याच किमतीत चित्र उजवं मिळतं. तोटा इतकाच की पोरो थोडी बोजड असते आणि या किमतीत बहुधा जलरोधक नसते. ७×३५ किंवा ८×४० च्या आसपासची, नामांकित कंपनीची पोरो शोधा. जुनी चांगल्या स्थितीत मिळाली तरी हरकत नाही.

जुनी किंवा नवी, हातात आल्यावर एवढं पाहा. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली नाही, बाहेर रस्त्यावर येऊन. पुढच्या भिंगातून टॉर्च मारा आणि मागून पाहा; कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, व्यवहार तिथेच थांबवा. चार धुळीचे कण असले तर चालतात. दुर्बीण हातभर लांब धरून मागच्या भिंगांतली प्रकाशाची दोन वर्तुळं पाहा. ती पूर्ण गोल हवीत. कडा करड्या, चौकोनी कापल्यासारख्या असतील तर प्रिझमची काच हलकी किंवा आकारानं अपुरी आहे. फोकसचं चाक उलटसुलट फिरवा. चाक फिरतं पण चित्र हलत नाही असा मोकळा भाग असू नये. बिजागरी सैल नको, नाहीतर दर वेळी दुर्बीण आपोआप मिटेल. शेवटी तारेवर बसलेला कावळा उजळ आकाशासमोर पाहा. कडेला जांभळी-पिवळी झालर थोडी असणारच, पण मधोमधही ती ठळक दिसली तर दुसरी दुर्बीण मागा.

कॅमेऱ्याचं नंतर पाहू. आधी पक्षी दिसू द्या.

गड-किल्ल्यांच्या भटकंतीत सॅकच्या कप्प्यात मावेल अशी दुर्बीण हवी. ८×२१, ८×२५ की ८×३०?
— गिर्यारोहक, पुणे

वजनं साधारण अशी असतात: ८×२१ दोनशे-अडीचशे ग्रॅम, चांगली ८×२५ तीनशेच्या आसपास, ८×३० साडेचारशे ते पाचशे. ८×४२ साडेसहाशेच्या पुढे जाते.

भटकंती मुख्यतः उघड्या कड्यांवर, उन्हात, आणि पाहायचे ते शिक्रा, ससाणा, गिधाडं असतील, तर चांगली ८×२५ पुरते. त्यासाठी पैसे मात्र मोजावे लागतात. लहान दुर्बिणीत लहानसहान चुकाही डोळ्यावर येतात, त्यामुळे स्वस्त ८×२५ आणि उत्तम ८×२५ यांतला फरक ८×४२ च्या तुलनेत कितीतरी जास्त जाणवतो. झाइसच्या टेरा ईडीमध्ये ८×२५ येते. ३१० ग्रॅम वजन, दृश्यक्षेत्र १००० मीटरवर ११९ मीटर, जवळचा फोकस दोन मीटरच्या आत. या वर्गात काय अपेक्षा ठेवायची, याचं माप म्हणून हे आकडे लक्षात ठेवा.

भीमाशंकर, आंबोली, मोले अशा दाट रानात जाणार असाल तर वरचे दीड-दोनशे ग्रॅम सोसा आणि ८×३० घ्या. सदाहरित जंगलात सकाळी नऊलाही जमिनीलगत अंधार असतो. नवरंग पाचोळ्यात असतो तो त्याच अंधारात. आणखी एक गोष्ट: फार हलकी दुर्बीण हातात जास्त थरथरते, चढून दम लागलेला असताना तर नक्कीच. ८×२१ घ्यायचीच असेल तर टोपीची झापही दुर्बिणीसोबत बोटांत धरा आणि कोपरं छातीला टेकवा, चित्र बरंच स्थिरावतं.

दृश्यक्षेत्र कंपन्या तीन प्रकारे लिहितात, त्यामुळे तुलना चुकते. अंशांना १७.५ नं गुणलं की १००० मीटरवरचे मीटर मिळतात. १००० यार्डांवरचे फूट दिले असतील तर तीननं भागा. ४२० फूट म्हणजे १४० मीटर, म्हणजेच ८ अंश.

दुर्बीण चांगल्या कंपनीची आहे, तरी दहा मिनिटांत डोकं दुखतं. डोळे तपासले, ते ठीक आहेत. दुर्बीण खराब आहे का?
— गृहिणी, रत्नागिरी

आधी ती तुमच्या डोळ्यांना जुळवलेली आहे का ते बघा. बहुतेक तक्रारी इथेच मिटतात.

बिजागरी उघडझाप करत दोन वर्तुळांचं एक गोल वर्तुळ होईल तिथे थांबा. वीस-पंचवीस मीटरवर दुकानाची पाटी किंवा तसं बारीक अक्षरांचं काही निवडा. उजव्या नळीचं पुढचं तोंड तळहातानं झाका, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि मधल्या चाकानं डाव्या डोळ्याला अक्षरं स्पष्ट करा. आता डावी नळी झाका. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या मागच्या भिंगाजवळची डायॉप्टरची कडी फिरवून उजव्या डोळ्याला तीच अक्षरं स्पष्ट करा. काही दुर्बिणींत ही सोय चाकातच असते. कडी कुठल्या खुणेवर आली ते लक्षात ठेवा, वाटल्यास नेलपॉलिशचा ठिपका द्या. यापुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. घरात कुणी दुर्बीण हाताळली की कडी हललेली असते आणि दुखणं परत येतं. डोळा मिटून जुळवणी करू नका. एक डोळा मिटला की दुसऱ्यावर ताण येतो आणि माप चुकतं.

एवढं करूनही दुखत असेल तर नळ्यांची दिशा बिघडलेली असू शकते. दूरच्या गच्चीचा आडवा कठडा पाहा आणि दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून सात-आठ सें.मी. दूर न्या. कठड्याच्या दोन रेषा होऊन एक वर, एक खाली दिसली तर प्रिझम सरकलं आहे. आडव्या दिशेचा थोडा फरक डोळे सांभाळून घेतात, वर-खालचा मात्र त्यांना जवळजवळ चालत नाही. मेंदू ती दोन चित्रं जुळवत बसतो आणि डोकं ठणकतं. हे सहसा दुर्बीण पडल्यानं होतं, पोरोमध्ये जास्त. वॉरंटीत असेल तर परत द्या. रबराखालचे स्क्रू घरी फिरवू नका, एकाच वेळी दोन दिशा बिघडतात आणि मग कारागिरालाही त्रास होतो.

बाल्कनीतल्या जास्वंदीवर शिंजीर येतात, बागेत फुलपाखरं आणि चतुर. माझ्या दुर्बिणीतून इतक्या जवळचं स्पष्ट दिसत नाही.
— वाचक, फोंडा, गोवा

बहुतेक पोरो दुर्बिणी चार ते सहा मीटरच्या अलीकडे फोकस होत नाहीत, रूफ दोन-तीन मीटरपर्यंत येतात. तुमच्या कामासाठीच घडवलेली एक आहे: पेंटॅक्सची पॅपिलिओ २, ६.५×२१. अर्ध्या मीटरवर फोकस होते, वजन २९० ग्रॅम, दृश्यक्षेत्र ७.५ अंश. शिंजिराच्या गळ्यावरची चमक आणि चतुराच्या पंखातल्या शिरा तिच्यात मोजून घ्याव्यात. हीच दुर्बीण ८.५ पटीतही मिळते, पण साडेसहाचीच घ्या. झोत ३.२ मि.मी. आहे, त्यामुळे ती दिवसाची दुर्बीण आहे. आणि ती जलरोधक नाही. गोव्याच्या पावसात बाहेर काढायची नाही.

दोन दुर्बिणी बुरशीनं गेल्या. कोकणात दुर्बीण टिकवायची कशी?
— शेतकरी, चिपळूण

जलरोधक आणि नायट्रोजन भरलेली घेतलीत तर निम्मी काळजी मिटते. आत दमट हवाच शिरत नाही, त्यामुळे धुकंही धरत नाही. पण बाहेरच्या भिंगांवर बुरशी तिच्याही येते. म्हणून पुढचं सगळ्यांनाच लागू आहे.

दुर्बिणीसोबत आलेली चामडी किंवा रेक्झिनची पेटी जूनमध्ये कपाटात टाकून द्या आणि दुर्बीण तिच्यात ठेवू नका. ती ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा, रबरी कडीचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. पाच लिटरच्या डब्याला शंभर ग्रॅमच्या आसपास रंग बदलणारं सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. डब्यात एक लहान आर्द्रतामापक टाकला तर अंदाज घ्यावा लागत नाही. काटा ४५ ते ५० टक्क्यांदरम्यान असावा. ७० च्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते. निळं जेल गुलाबी झालं, किंवा नारिंगी जेल हिरवं पडलं, की ते ओलं झालं. मंद आचेवर जाड तव्यात किंवा १२० अंशांच्या ओव्हनमध्ये तास-दीड तास ठेवलं की पुन्हा कामाला लागतं. तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. जेलऐवजी तांदूळ नकोत, त्यांची पूड भिंगांवर बसते.

भिजून घरी आल्यावर लगेच डब्यात बंद केली तर ओल आत कोंडते. आधी कापडानं टिपून, पंख्याखाली रात्रभर ठेवा आणि मग डब्यात. पावसाळ्यातही आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. वापरातल्या दुर्बिणीला बुरशी कमी धरते.

पुसताना क्रम चुकवू नका. आधी फुंकणीनं म्हणजे रबरी ब्लोअरनं धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग तोंडाची हलकी वाफ सोडून स्वच्छ मायक्रोफायबरनं मधून कडेकडे. धूळ असताना कापड फिरवलं की वाळूचा कण कोटिंगवर ओरखडा काढतो, आणि तो कायमचा. द्रावण वापरायचं तर कापडावर घ्या, भिंगावर ओतू नका. शर्टाचं टोक आणि पदर दोन्ही वर्ज्य. समुद्रकाठी फिरून आलात तर खारट थर बसलेला असतो. जलरोधक दुर्बीण नळाच्या अगदी बारीक धारेखाली धरून पुसा, बाकीच्या ओलसर कापडानं.

पक्षी नुसत्या डोळ्यांनी दिसतो, दुर्बीण लावली की हरवतो.
— वाचक, नागपूर

नजर पक्ष्यावरून काढू नका, दुर्बीण नजरेच्या वाटेत आणा. बहुतेक जण आधी दुर्बिणीकडे बघतात, मग ती डोळ्याला लावून पक्षी शोधतात. पक्ष्याजवळची एक खूण धरा, जसं की दुबेळकं, वाळलेलं पान किंवा खोडावरची ढोली. मान न हलवता दुर्बीण वर आणा. सुरुवातीला विजेच्या खांबावरच्या चिनी मातीच्या वाट्यांवर सराव करा, दहापैकी नऊ वेळा पहिल्या फटक्यात सापडू लागल्या की पक्ष्यांकडे वळा. पट्टा इतका आखूड ठेवा की दुर्बीण छातीवर बसेल. पोटावर लोंबणाऱ्या दुर्बिणीला वर यायला वेळ लागतो.

मुलगा अमेरिकेत असतो. तिकडून दुर्बीण मागवावी का?
— ज्येष्ठ नागरिक, डोंबिवली

निवड तिकडे जास्त आहे, विशेषतः ६ आणि ७ पटीत. मात्र वॉरंटी भारतात चालते का, हे त्याला खरेदीआधी लेखी विचारायला सांगा. अनेक कंपन्यांची वॉरंटी विकत घेतलेल्या देशापुरतीच असते आणि दुरुस्तीसाठी परत पाठवण्याचा खर्च आपल्या माथी येतो. तुमचे हात जास्त थरथरत असतील तर त्याला कॅननच्या इमेज स्टॅबिलायझरच्या लहान दुर्बिणी बघायला सांगा. बटण दाबलं की चित्र थबकतं. त्यांना बॅटरी लागते आणि किंमतही चढी असते, पण पार्किन्सन किंवा तशा कंपाच्या त्रासात कुठलीही साधी दुर्बीण इतका दिलासा देत नाही.

मुलगी आठ वर्षांची आहे. खेळण्यातली दुर्बीण देऊ की माझी ८×४२?
— पालक, कोल्हापूर

दोन्ही नकोत. खेळण्यातलीत काही दिसत नाही, आणि मुलं ‘मला जमत नाही’ म्हणून विषयच सोडून देतात. तुमची ८×४२ तिच्या मानेला जड आहे आणि बहुधा तिच्या डोळ्यांइतकी मिटतही नसेल. मोठ्या दुर्बिणींच्या दोन मागच्या भिंगांमधलं कमीत कमी अंतर बऱ्याचदा ५६ मि.मी.च्या आसपास असतं. या वयात दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी असू शकतं. मग तिला एकाच डोळ्यानं दिसतं, आणि ते ती सांगतही नाही.

तिला समोर बसवा, लांबच्या खिडकीकडे बघायला सांगा आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसऱ्या बाहुलीच्या मध्यापर्यंत पट्टीनं मोजा. दुर्बिणीच्या माहितीपत्रकातलं ‘आयपीडी’चं किमान माप त्यापेक्षा लहान हवं. पट ६ किंवा ६.५, वजन ३०० ते ५०० ग्रॅम, बाहेरून रबराचं आवरण. पुढची भिंगं आतल्या बाजूला घेतलेल्या उलट्या पोरोंची मागची भिंगं पुरेशी जवळ येतात, पॅपिलिओ त्यातलीच. पट्टा ओढ पडली की सुटणाऱ्या खटक्याचा घ्या, म्हणजे झाडाझुडपात अडकला तरी गळ्याला फास बसणार नाही. आणि पहिल्याच दिवशी तिच्याकडून एक गोष्ट घोटून घ्या: दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघायचं नाही, मावळतीच्या सूर्याकडेही नाही. क्षणभरात डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा होऊ शकते. पहिले पक्षी मोठे आणि बसून राहणारे निवडा: तारेवरचा कोतवाल, तळ्याकाठचा ढोकरी, बाभळीवरचा वेडा राघू.